रोहण्याचा गोठा आणि माझा हिरवा फिक्स

वर्ध्याहून परत आले तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, आश्रम पाहिलास की नाही?" नाही पाहिला. आश्रमाच्या फाट्यावरून दोनदा गेले. पहिल्यांदा वेळ नव्हता, दुसऱ्यांदा तिथे जायला तोंड नव्हतं. त्या जिल्ह्यात मी नीट पाहिला तो एक म्हशीचा गोठा, आणि तो माझ्यामुळे पडलेला होता. प्रवासवर्णन म्हटलं की लोकांना नदी, देऊळ, सूर्यास्त लागतो. माझ्याकडे एवढंच आहे, ते सांगते.

आधी माझं काम सांगायला हवं. आमची पुण्यातली कंपनी जमीन मोजायची यंत्रं विकते. पुरुषभर उंचीची एक काठी, तिच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात धरायला मोबाइलसारखा एक पडदा. टोपी उपग्रहांचे संदेश पकडते, पण नुसत्या तेवढ्यावर जागा कळते ती दोन-चार पावलं इकडेतिकडे. म्हणून ठिकठिकाणी कायमची केंद्रं बसवलेली असतात. कुठे किती चूक होते आहे हे ती इंटरनेटवरून काठीला सतत सांगत असतात. ही दुरुस्ती नीट पोचली की पडद्यावर हिरवा 'फिक्स' येतो आणि मग बोटभर फरकही राहत नाही. तोवर पिवळा 'फ्लोट' असतो, म्हणजे यंत्र अजून चाचपडतंय. फिक्स यायला उशीर लागला की लोक मला फोन करतात.

आर्वीचे वानखडे तर रोज करायचे. गावागावांतल्या घरांच्या जागा मोजायचं कंत्राट एका ठेकेदाराकडे होतं आणि त्याच्या आर्वीकडच्या टोळीचे हे प्रमुख. "मॅडम, अर्धा अर्धा घंटा पिवळंच राहते." मी विचारायचे, आकाश मोकळं आहे का, बंद करून चालू केलंत का, झाडाखाली उभे आहात का. शेवटी वैतागून मी आमच्या साहेबांना म्हणाले, त्यांना काठी धरताच येत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "मग जा आणि धरायला शिकव."

आर्वी

वर्ध्याहून एसटीने आर्वीला निघाले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळींच्या काट्यांना कापूस लागलेला. बाजारात चाललेल्या गाड्यांमधला उडालेला. मी खिडकीशी बसून पुण्याच्या मैत्रिणींना फोटो पाठवत होते, बर्फ पडलंय म्हणून. शेजारच्या बाईंनी वाकून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हसू नका बाई, थो आमचा पैसा उडून राह्यला." मी फोन पर्समध्ये टाकला.

वानखडे स्टँडवर घ्यायला आले होते. पन्नाशीचे, भरदार, सारखे गुडघे चोळणारे आणि बोलके. पहिलंच वाक्य: "मॅडम, फोनवर तुमी भल्ल्या रागावता. समोर तशा नाई दिसत." मी म्हटलं, अजून सुरुवात कुठे झालीय. ते खो-खो हसले आणि मला पोहे खायला घेऊन गेले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हॉटेलवाल्याने न विचारता आणखी एक पळी वाढली. झणझणीत पाहुणचार म्हणतात तो हाच असावा.

मग एका मोकळ्या पटांगणात काठी लावली. झाड नाही, भिंत नाही, आकाश निळंभोर. तरी पिवळं. मी बॅटरी बदलली, टोपी बदलली, सिम काढून पुसून घातलं. कधी हिरवं यायचं आणि दोन बिंदू घेईपर्यंत पुन्हा पिवळं व्हायचं. दुपारी मात्र कमाल झाली. जेवणाच्या वेळेला आम्ही सावलीत डबे उघडून बसलो आणि काठी उन्हात तशीच उभी होती, तर ती सगळा वेळ हिरवीगार. हात धुऊन कामाला लागलो की पुन्हा रुसली.

"तिले बी जेवाची सुट्टी लागते," वानखडे म्हणाले.

मी उपग्रहांच्या जागांवर एक लांबलचक व्याख्यान दिलं. दुपारी ते कसे डोक्यावर छान पसरतात वगैरे. खरं सांगायचं तर मला काही कळलेलं नव्हतं. पण फोनवर इतके महिने शहाणपणा शिकवल्यावर समोर येऊन "मला माहीत नाही" कसं म्हणायचं? ते तीन शब्द त्या पटांगणात म्हटले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

रोहणा

दुसऱ्या दिवशी रोहण्याला गेलो. वानखड्यांचं तिथे एक काम अडून बसलं होतं. वत्सलाबाई थूल नावाच्या निवृत्त अंगणवाडी सेविका आहेत. त्यांना जुन्या घराशेजारी दोन पक्क्या खोल्या बांधायच्या होत्या. मिस्त्री ठरला होता, गिट्टी येऊन पडली होती. पण बाजूच्या सुधाकर भोयरांचा म्हशीचा गोठा अगदी हद्दीला लागून, म्हणून मिस्त्री म्हणाला, आधी हद्दीची खुंटी मारून आणा, मग पाया खणतो. खुंटी मारायला दोनदा येऊन वानखडे पिवळ्या पडद्यासकट परत गेले होते.

भांडण असं काही नव्हतंच. उलट भोयरांच्या म्हशीचं दूध रोज सकाळी भिंतीवरूनच वत्सलाबाईंच्या पातेल्यात यायचं आणि भोयरांची दोन्ही पोरं त्यांच्याच अंगणवाडीत अक्षरं गिरवून मोठी झाली होती. भोयर स्वतः पहार घेऊन तयार उभे होते. "बाईचं घर होऊन जाऊ द्या मॅडम. खुंटी कुठं मारू, सांगा." काटक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्याची आई आतून एकदा डोकावून गेली.

ती गल्ली यंत्रासाठी वाईटच होती. चारी बाजूंना टिनाची छपरं, मधे एक कडुनिंब. टिनावर आपटून आलेला संदेश यंत्राला फसवतो, हे मी यंत्र शिकवायच्या प्रत्येक शिबिरात पहिल्या तासाला सांगते. काठी लावली. पिवळं. गल्ली जमायला लागली. बायका भिंतींना टेकून, माणसं गिट्टीच्या ढिगावर. "काऊन मॅडम, पुन्याहून येऊन बी नाई होऊन राह्यलं?" कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "पोळ्यातल्या बैलावानी अडून बसलं थे." सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, मीही हसले. पण कानशिलं तापली.

मग मी ते केलं. यंत्राच्या पोटात एक जागा असते, तिथे ठरवलेलं असतं की पुरती खात्री झाल्याशिवाय हिरवं दाखवायचं नाही. ती खात्रीची अट मी सैल केली. आणि क्षितिजाशी टेकलेले, छपरांआडून येणारे उपग्रहही धरायला सांगितले. पडद्याकडे बघणाऱ्या वानखड्यांना म्हणाले, "तुमची सेटिंग फारच कडक होती." घटकाभरात हिरवं आलं. गिट्टीच्या ढिगावरून टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नकाशातल्या हद्दीचे आकडे यंत्रात भरलेलेच होते. यंत्र सांगेल तिकडे काठी सरकवत गेले. ती गोठ्याच्या भिंतीपाशी आली, भिंतीला थटली, आणि यंत्र म्हणत होतं अजून पुढे. भोयरांनी म्हैस सोडून बाहेर बांधली. गोठ्यात शिरून, भिंतीच्या हातभर आत, काठी थांबली.

वत्सलाबाई दारात आल्या. "म्हंजे? हा गोठा माह्या जागेत हाय?"

"यंत्र तसं दाखवतंय," मी म्हणाले.

वानखडे माझ्या कानाशी आले. "मॅडम, फिक्स तोडून एकदा पुन्हा घ्यायचं का? आन् शाळेजवळच्या पक्क्या बिंदूवर लावून पाहू." हे त्यांचं काही विशेष ज्ञान नव्हतं, ते तर आमच्याच पुस्तिकेत लिहिलंय. पक्का बिंदू म्हणजे ज्याचे आकडे आधीपासून माहीत आहेत अशी खूण. काठी तिच्यावर धरली की यंत्र खरं बोलतंय की नाही ते लगेच कळतं. शाळा चार घरं पलीकडे होती. आणि मी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वानखडे साहेब, तुमचा घोळ इथेच होतो. यंत्रावर विश्वास ठेवायला शिका." ते मागे सरले आणि गुडघा चोळत उभे राहिले.

भोयरांनी एकदाच विचारलं, "पक्कं हाय ना मॅडम?"

"बोटभरही फरक नाही."

त्यांनी मान डोलावली, खुंटी स्वतःच ठोकली आणि घरात गेले. वत्सलाबाई मात्र पेटल्या. "इतकी वर्सं मी याच्या पोराइले शिकवलं, आन् यानं माह्यीच जागा खाल्ली. दूध देते म्हणून मी तोंड बंद ठेवाचं काय?" बायका त्यांना आत घेऊन गेल्या. पण गल्ली अरुंद, ते शब्द भोयरांच्या दारात गेल्याशिवाय राहिले नसणार.

त्यानंतर मी वत्सलाबाईंकडे जेवले. आमच्याकडे कामाला आलेल्या माणसाला चहा विचारतात, तोही जाता जाता. इथे जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. तुरीच्या ओल्या सोल्यांचा, म्हणजे सोललेल्या दाण्यांचा भात, वर कच्चं तेल, बाजूला वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा. वत्सलाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "आता खोली हातभर मोठी होईन, तुमच्यामुळं." मी दोनदा भात घेतला. त्या भाताची चव अजून जिभेवर आहे.

समुद्रपूर

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्रपूर. त्याच ठेकेदाराची दुसरी टोळी तिकडे, तिचे प्रमुख लोहकरे. तिशीचे, शिस्तीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांचीही तक्रार तीच होती. सकाळी वर्ध्याहून निघाले तेव्हा मी आश्रमाच्या फाट्याकडे बघितलंही नाही, इतकी मी विजयी वीर होते.

कपाशीच्या रानात एका पुलाच्या कठड्यावर त्यांचा पक्का बिंदू होता. लोहकरे रोज सकाळी काठी आधी तिथे लावतात. आम्ही देवाला हात जोडूनच दुकान उघडतो ना, तसं. मी म्हटलं, थांबा, आधी गंमत दाखवते. रोहण्याची सैल सेटिंग त्यांच्या यंत्रात भरली. पुलाच्या दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, तरी पापणी लवते न लवते तोच हिरवं.

"वा," लोहकरे म्हणाले. मग त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले. "मॅडम, हे तर दुसरीकडंच जाऊन राह्यलं."

"किती?"

त्यांनी कठड्यावर हात ठेवून दाखवलं. कोपरापासून बोटांपर्यंत. हातभर.

मी ती हिरवी खूण तोडली, पुन्हा घेतली. पुन्हा हिरवं, आणि या वेळी आकडे तिसरीकडेच. यंत्र बेधडक खोटं बोलत होतं, कारण मीच त्याला खात्री न करता बोलायला सांगितलं होतं. रोहण्याच्या गोठ्यात ठोकलेली ती खुंटी डोळ्यांसमोर आली.

सेटिंग पूर्ववत कडक केली. अर्थातच पिवळं. आता तरी नीट शोधायला हवं म्हणून मी पहिल्यांदाच धीराने बसून, केंद्राशी जोडणी कधी लागते कधी तुटते ते बघत राहिले. ठरावीक वेळाने ती तुटत होती आणि तुटताना प्रत्येक वेळी एकच कारण येत होतं: याच नावाने दुसरं कुणीतरी आत आलंय.

"लोहकरे, तुमचं केंद्राचं लॉगिन आणखी कुणाकडे आहे?"

ते लाजले. "आर्वीवाल्याइचं बंद पडलं होतं दिवाळीत. वानखडे भाऊ म्हणले, माह्यं चालू होईलोक तुह्यं देजो. आपलाच माणूस हाय. देलं."

म्हणजे एका नावावर दोन काठ्या. ही आत शिरली की ती बाहेर, ती शिरली की ही बाहेर. दोन्ही टोळ्या जिल्ह्याच्या दोन टोकांना उभ्या राहून दिवसभर एकमेकींना ढकलत होत्या आणि दोन्हीकडचे लोक नेटवर्कला शिव्या घालत होते. लोहकरे जेवायला बसले की यंत्र बंद करतात. म्हणून आर्वीचं यंत्र जेवणाच्या वेळेत शहाण्यासारखं वागत होतं. आणि मी त्यावर उपग्रहांचं व्याख्यान ठोकलं होतं.

एवढ्यात लोहकऱ्यांच्या फोनवर वानखडेच आले. स्पीकर लावला. "मॅडम तिथं हाय का? माह्यं पुन्हा अडकलं ना बाप्पा." मी त्यांना लॉगिनचा प्रकार सांगितला. ते आधी हसले, मग ओशाळले. म्हणाले, "आमीच येड्यावानी केलं." मग सहज, बातमी सांगावी तसं म्हणाले, "आन् त्या भोयरनं गोठ्याची भिंत पाडायले घेतली सकाळपासून. म्हणलं थांब, तर म्हणे दुसऱ्याच्या जागेत माह्यी भिंत नाई पाह्यजे. अर्धीअधिक पाडली आसन आतालोक."

त्या क्षणी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: त्याला थांबवा, माझी खुंटी चुकली. वानखडे मोटरसायकलवर टांग टाकून अर्ध्या तासात रोहण्याला पोचले असते. शब्द ओठांवर आले होते. समोर लोहकरे उभे होते, त्यांची दोन माणसं उभी होती, आणि स्पीकर चालू होता. मी म्हणाले, "उद्या मी येतेच आहे रोहण्याला, एकदा बघून घेऊ."

मनाशी म्हटलं, आधी पुरती खात्री करू, मग बोलू. काय सुचतं माणसाला. काल गल्लीत खात्री नको होती आणि आज अचानक हवी झाली. दुपारभर लोहकऱ्यांकडे वानखड्यांच्या नव्या लॉगिनचं काम करत बसले. ते काम संध्याकाळी केलं तरी चाललं असतं. फोन हातातच होता. वानखड्यांचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. लोहकऱ्यांच्या घरी पाटोडीचा रस्सा केला होता. मी डोकं दुखतंय म्हणून भाताचे दोन घास खाल्ले.

पुन्हा रोहणा

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर दोन म्हातारे तुरीच्या शेंगांवर बोलत होते, कुणीतरी मला हुरडा द्यायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. मघा सांगितलं तो फाटा याच वाटेवर लागला. मी दुसऱ्या खिडकीकडे बघितलं.

गल्लीत शिरले तेव्हा गोठ्याची ती भिंत पुरी गेली होती. विटा एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. छपराचे टिन काढून कडुनिंबाला टेकवले होते. म्हैस झाडाला बांधलेली. खुंटीच्या रेषेत वत्सलाबाईंच्या मिस्त्रीने चुन्याची रेघ मारली होती. भोयर उरलेल्या विटांना चिकटलेला मातीचा गारा खरवडत बसले होते. मला बघून उठले आणि नमस्कार केला. तो नमस्कार घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आर्वीहून आलेल्या वानखड्यांना मी काही न सांगता शाळेजवळच्या पक्क्या बिंदूवर नेलं. त्यांचं स्वतःचं लॉगिन, कडक सेटिंग. थोड्याच वेळात हिरवं आलं. बिंदू बरोबर लागला. तोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा बरोबर. मग गल्लीत आलो. काठी सरकत गेली आणि जिथे ती भिंत उभी होती, बरोबर तिच्या पायाच्या रेघेवर थांबली. तीनदा घेतलं, तीनदा तिथेच.

मी वत्सलाबाईंना आणि भोयरांना बोलावलं आणि सांगितलं, परवा यंत्राने चुकीचं दाखवलं. भिंत हद्दीवरच होती. गोठा बरोबर होता.

वत्सलाबाई गिट्टीवर मटकन बसल्या. "मी त्याले नळावर बोलली," त्या म्हणाल्या. "चारचौघीत बोलली. चोर म्हणलं." मग भोयरांकडे न बघता, "दूध बी नाई घेतलं दोन दिस."

"राह्यलं बाई," भोयर म्हणाले. "भिंत काय, दोन दिसात चढवतो."

मी म्हटलं, मिस्त्रीचा, सिमेंटचा, सगळा खर्च आमची कंपनी देईल. त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. गाऱ्याचे हात लुंगीला पुसले आणि मला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच इतकं बोलले.

"मॅडम, मशीन चुकते, माणूस चुकते. त्याचं काई नाई. पण थो गोठा माह्या बापानं बांधला होता. तुमी खुंटी दाखवली तवा मले वाटलं, बापानंच खाल्ली जागा. मी तसं म्हणलो घरात, आईसमोर. चोराच्या भिंतीत म्हैस बांधत होतो म्हणलं आजपर्यंत. तिनं तवापासून माह्या हातचं पानी नाई घेतलं. आता मी जाऊन सांगीन तर म्हणन, काल एक बोलला, आज एक बोलते. तुमीच सांगा ना तिले."

नाही म्हणायला जागाच नव्हती. चप्पल काढून आत गेले. लहानशी खोली, कोपऱ्यात नवा कापूस कमरेएवढा रचलेला. म्हातारी त्याला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी खाली बसले. जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, आजी, तुमच्या मालकांनी भिंत बरोबर जागी बांधली होती. परवा आमच्या यंत्राची थोडी चूक झाली.

तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. "मले ठाऊक हाय त्यानं कुठं बांधली थे. मले कायले सांगतं?" तिने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. "बट्टा त्याले लागला. त्याले सांग."

भिंतीवर एका माणसाचा फोटो होता. टोपी, मोठे कान, फोटोसाठी रोखून धरलेला श्वास. जुना हार. मी उठले. शिबिरात पन्नास माणसांसमोर बोलते मी, तेही कागदाशिवाय. त्या फोटोसमोर मात्र नुसतं पुटपुटले, चूक झाली, माफ करा.

"मोठ्यानं," म्हातारी मागून म्हणाली. "त्याले कमी आयकू येत होतं."

बाहेर सगळे होते. वानखडे, वत्सलाबाई, मिस्त्री, भिंतींना टेकलेल्या बायका. दार उघडंच होतं.

मी मोठ्याने म्हणाले, "चूक यंत्राची नव्हती. माझी होती. लोक बघत होते म्हणून मी तपासलं नाही. आणि तुमची भिंत पडत होती तेव्हाच मला कळलं होतं. काल, भर दुपारी. एक फोन करायचा होता, तो मी केला नाही."

अंगणात विटा खरवडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. म्हातारीने हातातली शेंग परडीत टाकली आणि बाहेर हाक मारली, "सुधाकर, पानी आन रे." भोयर तांब्या घेऊन आत आले. तिने आधी स्वतः घोट घेतला, मग तांब्या माझ्यापुढे धरला. मला तो हातात घेता येईना.